मागणाऱ्याचा हक्क : कल्याण, रोजगार आणि स्वच्छ ऊर्जेच्या योजनांच्या अभ्यासाची प्रस्तावना

महाराष्ट्रातल्या बहुतेक नोकरदारांच्या पगारपत्रकात ‘व्यवसाय कर’ नावाची एक छोटी कपात असते. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने या कराची कमाल मर्यादा तिथेच बांधून टाकली आहे. प्राप्तिकरावर घरोघरी वाद झडतात, पण या अडीच हजारांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. १९७५ साली हा कर महाराष्ट्रात आला तो एका ठरावीक कामासाठी : खेड्यात जो अंगमेहनतीचे काम मागेल त्याला ते देता यावे म्हणून. शहरातला पगारदार आणि व्यापारी पैसे भरणार, जेवढे जमतील तेवढीच भर सरकार आपल्या तिजोरीतून घालणार, आणि त्यातून कुठेतरी नालाबांध उभा राहणार, अशी ती मांडणी होती. व्यापारी गाळ्यांच्या मालमत्ता कराच्या बिलावर ‘रोजगार हमी उपकर’ असा रकाना असतो, तोही त्याच घराण्यातला.

या पुस्तकाच्या विषयात शिरायला मला हा रकाना सोयीचा वाटतो. सरकारी योजना म्हटली की आपण लाभार्थ्यांच्या आकड्यापासून सुरुवात करतो. किती जणांना मिळाले, किती राहिले, किती बोगस निघाले. पैसे कोणाच्या खिशातून आले, काम किंवा लाभ मोजणारा कोण, आणि मुळात मागण्याचा अधिकार कोणाला, हे प्रश्न मागाहून येतात. पुष्कळदा येतच नाहीत. भारतातल्या योजनांचा अभ्यास या तीन प्रश्नांपासून सुरू व्हावा असे माझे म्हणणे आहे, आणि त्यातही तिसऱ्यापासून.

कल्याण, रोजगार आणि ऊर्जा या तीन गोष्टी एका पुस्तकात का, असे कोणी विचारील. मंत्रालयात त्यांचे विभाग वेगळे, विद्यापीठात विषय वेगळे, वर्तमानपत्रात पाने वेगळी. पण तहसील कचेरीच्या ओट्यावर बसलेल्या बाईच्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी उघडली तर तिच्यात पिवळे रेशनकार्ड, जॉब कार्ड, गॅसचे पुस्तक, सातबारा आणि आधारच्या चार झेरॉक्स एकत्रच निघतात. तिच्या घरात या योजना एकमेकींना धक्के देत असतात. मजुरी वेळेवर आली नाही तर सिलिंडर भरला जात नाही. सिलिंडर भरला नाही तर सरपणाला जावे लागते, आणि सरपणाला गेलेला दिवस कोणत्याही हजेरीपटावर चढत नाही. अभ्यासकाने निदान या पिशवीइतके तरी एकत्र पाहायला शिकले पाहिजे.

दुष्काळात सरकारने कामे काढायची ही रीत इंग्रजी अमदानीतली. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर आयोग बसला, त्याचा अहवाल १८८० मध्ये आला आणि त्यातून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या. त्या संहितांचा स्वभाव संशयी होता. काम कष्टाचे ठेवायचे आणि मजुरी पोटापुरती, म्हणजे खरोखर उपाशी असेल तोच येईल. हा स्वभाव पुढच्या योजनांतून पुरता गेला असे मला वाटत नाही. आजच्या ई-केवायसीच्या रांगेतही तो भेटतो.

त्या रीतीला वेगळे वळण दिले ते वि. स. पागे यांनी. पागे सांगली जिल्ह्यातले, गांधीविचाराचे, आणि १९६० पासून पुढे दीर्घकाळ विधान परिषदेचे सभापती. तासगाव तालुक्यात विसापूरच्या परिसरात साठीच्या दशकात त्यांनी मागणीप्रमाणे काम देण्याचा प्रयोग करून पाहिला. सभापतीच्या खुर्चीवर बसलेला माणूस आपल्या भागातल्या मजुरांच्या हिशेबात इतका रमतो, ही गोष्ट आज नवलाची वाटेल. त्याच काळात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ भारतातील दारिद्र्याचा हिशेब मांडत होते. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा निष्कर्ष, ढोबळमानाने, असा होता की जमिनीचे फेरवाटप सगळ्यांना पुरणार नाही. ज्यांच्याजवळ विकायला फक्त श्रम आहेत त्यांना सार्वजनिक कामांवर खात्रीची मजुरी देणे हाच चालण्यासारखा मार्ग.

१९७२ मध्ये रोजगार हमी योजना सुरू झाली न झाली तोच मोठा दुष्काळ अंगावर आला. योजना बाजूला राहिली आणि राज्यभर दुष्काळी कामे निघाली. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. ज्यांच्या घरात त्या पिढीचे कोणी आहे त्यांनी खडी फोडण्याच्या, सुकडीच्या आणि तांबड्या मिलो ज्वारीच्या हकिकती ऐकल्याच असतील. या दुष्काळाचा अभ्यास ज्याँ द्रेझ यांनी पुढे बारकाईने केला. पीक इतके बुडूनही मोठी मनुष्यहानी झाली नाही, यामागे या कामांचा वाटा किती, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. या क्षेत्रात येणाऱ्याने वाचावा असा हा पहिला अभ्यास. सरकारी कामाने जीव वाचतात, हे त्यात पुराव्यानिशी मांडले आहे.

दुष्काळ सरला तरी मागणी सरली नाही. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमी कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात कामाचा हक्क मार्गदर्शक तत्त्व म्हणून आहे. त्याच्यासाठी न्यायालयात जाता येत नाही. महाराष्ट्राने त्या तत्त्वाला कायद्याचे दात बसवले. आणि हे कोणी केले? साखर कारखान्यांच्या, बागायतदारांच्या, सहकारी बँकांच्या राजकारणातून आलेल्या आमदारांनी. भूमिहीनांच्या हक्कावर शेतमालकांचे प्रतिनिधी सही कशी करतात, हे कोडे सोडवण्याचा प्रयत्न रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स यांनी १९८३ मध्ये केला. त्यांचे उत्तर गोड नाही. कामांतून झालेले रस्ते, बंधारे, पाझर तलाव यांचा फायदा ज्याच्याकडे जमीन आहे त्याला होतो. मजूर गावातच राहतो, तो हंगामात कामाला येतो. आणि शहरात झोपडपट्टी वाढत नाही म्हणून शहरही कर भरायला फार कुरकुर करत नाही. प्रत्येकाचे काहीतरी साधत होते म्हणून हमी टिकली. ही टीका मला पटते, पण तिच्यावरून योजना फसवी होती असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी माझे जमत नाही. सगळ्यांचे थोडेथोडे साधत असेल तरच गरिबांच्या योजना चार निवडणुका पाहतात.

१९९० पासून हमीला फळबागा जोडल्या गेल्या. आंबा, काजू, डाळिंब, बोर, सीताफळ यांच्या लागवडीचा खर्च योजनेतून मिळू लागला. कोकणातल्या वरकस डोंगरांवर आणि सोलापूर-सांगोल्याकडच्या माळांवर आज जी झाडे उभी आहेत त्यांतली पुष्कळशी त्या धोरणाची. लहान शेतकऱ्याला आपल्याच रानात राबून मजुरी मिळाली हे खरे. ज्याला रानच नव्हते त्याने दुसऱ्याच्या बांधावर खड्डे खणले आणि मजुरी घेऊन तो घरी गेला, हेही खरे. मालमत्ता कोणाच्या नावावर उभी राहते हा प्रश्न तेव्हापासून या विषयाच्या मानेवर बसला आहे. सौरपंपापर्यंत तो उतरलेला नाही.

आता मोजण्याचा प्रश्न. माझ्या मते हजेरीपट हा या क्षेत्रातला मूळ ग्रंथ आहे. शासन निर्णय हे त्यावरचे भाष्य. रोजगार हमीवर रोजाने पैसे मिळतात असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात खोदाईची बहुतेक कामे मापावर असतात. मस्टरवर नाव, जॉब कार्डाचा क्रमांक, हजर दिवसांच्या खुणा. पण मजुरी ठरते ती मोजमाप पुस्तिकेत. तिथे तांत्रिक सहायक येऊन लांबी-रुंदी-खोली लिहितो आणि खोदलेले काय होते तेही लिहितो : मऊ माती, कठीण मुरूम की खडक. या एका शब्दावर टोळीची आठवड्याची कमाई वर-खाली होते. मे महिन्यात पहारीने फोडलेला मुरूम पुस्तिकेत ‘मऊ माती’ म्हणून उतरला तर २०२५–२६ साठी महाराष्ट्राला ठरलेला ३१२ रुपयांचा दर कागदावरच राहतो. माप घ्यायला माणूस पंधरवड्याने आला आणि मधे पाऊस पडून खड्डा गाळाने भरला, तर खोली कोणती धरायची? असले तंटे कामावर रोजचे. ज्याने एकदा तरी मोजमाप पुस्तिका आणि हजेरीपट शेजारी ठेवून वाचले आहेत, तो पुढे कोणत्याही योजनेचा वार्षिक अहवाल पाहताना सावध राहतो.

२००५ मध्ये केंद्राने रोजगार हमीचा राष्ट्रीय कायदा केला. फेब्रुवारी २००६ मध्ये २०० जिल्ह्यांत, १ एप्रिल २००८ पासून सगळ्या ग्रामीण जिल्ह्यांत, कुटुंबामागे वर्षाला १०० दिवस. महाराष्ट्राने आपला जुना कायदा गुंडाळला नाही. शंभर दिवसांपुढच्या कामाचा भार राज्याने आपल्याकडे ठेवला. राष्ट्रीय कायद्याची नाडी एका साध्या कागदात होती. मजुराने नमुना ४ भरून काम मागायचे, ग्रामपंचायतीने नमुना ५ ची तारखेची पोच द्यायची, पंधरा दिवसांत काम द्यायचे. काम न मिळाल्यास बेरोजगार भत्ता : पहिले तीस दिवस मजुरीचा चौथा हिस्सा, पुढे निम्मा. पोचपावतीवरची तारीख म्हणजे सरकारवरचे कर्ज सुरू झाल्याची तारीख. साहजिकच ती तारीख पडू न देण्याची कला विकसित झाली. काम मंजूर झाले, मस्टर निघाले, की मग मागणीचे अर्ज भरून घ्यायचे. म्हणजे मागणी आणि काम यांत अंतरच उरत नाही आणि भत्त्याचा प्रश्न उद्भवत नाही. आकडेवारी सांगते की ज्यांनी मागितले त्यांतल्या जवळपास सगळ्यांना काम मिळाले. आकडेवारी खोटी नसते. ती मागणी नोंदवून घेतल्यानंतरची असते.

हा प्रकार नवा नाही. १९८८ मध्ये रोजगार हमीची मजुरी किमान वेतनाला बांधली असल्यामुळे जवळपास दुप्पट झाली आणि त्यानंतर कामावरची हजेरी घटली. मजुरी वाढली तर येणारे वाढायला हवेत! मार्टिन रॅव्हॅलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हे तपासले तेव्हा दिसले की कामेच कमी काढली गेली होती; खर्च आवरण्यासाठी हमी हळूच रांगेत बदलली होती. कायद्यातला शब्द तसाच, दारातल्या उंबरठ्याची उंची तेवढी वाढलेली. आज तो उंबरठा मोबाइलमध्ये आहे. १ जानेवारी २०२३ पासून बहुतेक कामांवर हजेरी ॲपमधून दिवसातून दोनदा फोटो काढून द्यायची, आणि १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा व्हायची. बोगस नावे गळावीत हा हेतू योग्यच. पण सातपुड्याच्या डोंगरात रेंज नसल्यामुळे दिवस बुडाला तर तो मजुराचा बुडतो, ॲप करणाऱ्याचा नव्हे.

धान्य आणि रोख रक्कम यांवर या पुस्तकात स्वतंत्र प्रकरणे आहेत, म्हणून इथे थोडक्यात. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलोचा. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. रोख रकमेत महाराष्ट्राचा अनुभव जुना : संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० ची. २०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वयाच्या पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. निराधार विधवेचे अनुदान २०२३ मध्ये वाढवून केले तेही १,५००. एका योजनेची वार्षिक उत्पन्नाची अट अडीच लाख, दुसरीची अनेक वर्षे २१ हजार. रोख रक्कम बाईच्या खात्यात येते याचे मोल मी कमी लेखत नाही. घरातल्या बोलाचालीत तिचा आवाज त्याने वाढतो. पण २१ हजारांच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे खेपा घालणारी निराधार बाई आणि निवडणुकीच्या तोंडावर एका अर्जात पात्र ठरलेली बहीण, या दोघी एकाच राज्यात राहतात. त्यांच्यातला फरक अभ्यासाला बसवायचा तर अर्थशास्त्र पुरत नाही, मतदारयादीही वाचावी लागते.

ऊर्जेकडे वळताना आधी चुलीकडे पाहू. धुराचा प्रश्न सरकारच्या नजरेत ‘उज्ज्वला’ या गॅसजोडणीच्या योजनेने आणला असे तरुण वाचकांना वाटते. १९८० च्या दशकातच गोबरगॅसचा राष्ट्रीय प्रकल्प आणि सुधारित चुलींचा कार्यक्रम गावोगाव पोचले होते. त्या काळचे गोबरगॅसचे गोल खड्डे, आता कडब्याने किंवा भंगाराने भरलेले, पुष्कळ गावांत अजून दाखवता येतात. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या पाचटाचा कोळसा आणि घरगुती खरकट्यावर चालणारा छोटा बायोगॅस यांवर केलेल्या कामाला २००२ आणि २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. तंत्र कमी पडले म्हणून हे कार्यक्रम मागे पडले असे म्हणता येत नाही. संयंत्र बांधायला अनुदान होते, दुरुस्तीला माणूस नव्हता. आणि शेण कालवायचे काम पुन्हा बाईवरच होते.

उज्ज्वला १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झाली. आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आजच्या छत्रपती संभाजीनगरला दिली गेली. इतक्या कमी वेळात इतक्या घरांत शेगडी पोचवणे हे मोठे काम आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पुढचा प्रश्न सिलिंडर पुन्हा भरण्याचा. योजनेतल्या कुटुंबाचा वर्षाचा सरासरी वापर तीन-चार सिलिंडरांच्या आसपास राहिला, जिथे फक्त गॅसवर स्वयंपाक करणाऱ्या घराला सात-आठ तरी लागतात. सकाळचा चहा, पाहुण्यांचे पोहे आणि आजारपणातली पेज गॅसवर; भाकरी, आंघोळीचे पाणी आणि मोठी आमटी चुलीवर. सरपण ‘फुकट’ असते कारण ते आणणाऱ्या बाईचा वेळ कोणी मोजत नाही. तो वेळ रोजगार हमीच्या ३१२ रुपयांनी मोजून पाहावा, म्हणजे कोणते इंधन स्वस्त याचे गणित बदलते. हा हिशेब करायला कल्याण, रोजगार आणि ऊर्जा अशा तिन्ही शाखांची पुस्तके टेबलावर लागतात.

शेतीच्या विजेची गोष्ट याहून गुंतागुंतीची, आणि महाराष्ट्रापुरती तरी सगळ्यात रंजक. शेतकरी विजेला ‘लाईट’ म्हणतो आणि लाईट म्हणजे थ्री फेज. गावठाणचे फीडर वेगळे झाल्यापासून घरात दिवे राहतात, पण शेतीच्या फीडरवर आठ-दहा तासांची पाळी : काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री दीडला लाईट आली तर त्या वेळी दारे धरायला जायचे. साप, विंचू, जुन्नर-आंबेगावकडे बिबट्या. म्हणून शेतकऱ्यांनी मोटरीला ऑटो स्विच बसवले. लाईट आली की मोटर आपोआप सुरू, माणूस घरी झोपलेला. मग एका फीडरवरच्या सगळ्या मोटरी एका क्षणाला उठतात, रोहित्रावर, म्हणजे डीपीवर, भार येतो, डीपी जळते, आणि आठ दिवस कोणालाच पाणी नाही. शहाणपणाचे शंभर खासगी निर्णय मिळून एक सार्वजनिक तोटा कसा होतो याचे इतके नेमके उदाहरण मला दुसरीकडे सापडलेले नाही.

यावरचा तोडगा बराच काळ पंपावर शोधला जात होता. पुण्याच्या ‘प्रयास’च्या ऊर्जा गटाने फीडरवर शोधण्याचा आग्रह धरला : प्रत्येक शेतकऱ्याच्या रानात पॅनेल लावण्यापेक्षा उपकेंद्राजवळ छोटा सौर प्रकल्प उभारा आणि अख्खे शेतीचे फीडर दिवसा चालवा. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथे सुरुवातीचे प्रकल्प झाले. पाच-सहा वर्षे चाल मंद होती. २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती निघाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातील धोंदलगावचा ३ मेगावॉटचा प्रकल्प तिच्यातला पहिला म्हणून सुरू झाला. वीज युनिटला सुमारे तीन रुपयांनी, पंचवीस वर्षांच्या करारावर. जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे, दरवर्षी तीन टक्के वाढ. शेतकऱ्याची स्वस्त वीज इतके दिवस कारखान्यांच्या चढ्या दरातून भागवली जात होती. तो बोजा उतरेल हा या योजनेचा आर्थिक कणा. त्यामुळे तिचे यश तपासायचे असेल तर वीज नियामक आयोगाचे दरआदेश वाचावे लागतील. ते रुक्ष असतात. पण राज्यातल्या सर्वांत मोठ्या कल्याणकारी खर्चांपैकी एक त्या तक्त्यांत दडलेला आहे आणि अर्थसंकल्पाच्या भाषणात त्याचा अर्धा भागच ऐकू येतो.

जमीन कोणती, हेही विचारावे. खासगी माळरान भाड्याने गेले तर मालकाला उत्पन्न मिळते. प्रकल्पांना सरकारी जमिनीही दिल्या जातात आणि त्यांत गायराने येतात. मराठवाड्यात गायरान कसून पोट भरणाऱ्या दलित आणि भूमिहीन कुटुंबांची संख्या मोठी. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह याच प्रकारच्या जमिनींसाठी होते. प्रकल्प असलेल्या ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख याप्रमाणे तीन वर्षे अनुदान आहे. गायरान कसणाऱ्याचे नाव मात्र सातबाऱ्यावर नसते, तेव्हा भरपाईच्या यादीतही नसते. स्वच्छ ऊर्जा जमिनीचा जुना प्रश्न पुसून टाकत नाही, त्याच प्रश्नावर उभी राहते.

रोजगाराचेही तसेच. सौर प्रकल्प उभा राहताना काही महिने भरपूर माणसे लागतात. चालू झाला की राखणदार, गवत काढणारे, पॅनेल धुणारे. केंद्राने २०१५ पासून ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षण दिले, पण प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि तालुक्यातली नोकरी यांच्यामध्ये बरेच अंतर आहे. दुसरीकडे चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आणि भोवतालच्या कोळसा खाणी यांच्यावर ट्रकवाले, ठेकेदार, खानावळी, राख वाहणारे असा मोठा संसार चालतो. तिथल्या धुराने आणि राखेने जी फुप्फुसे खराब झाली त्यांचा हिशेब करावाच. पण तो संसार उद्या कुठे जाणार याचाही करावा. वर्धा खोऱ्यावर मराठीत याविषयी फार थोडे लिहिले गेले आहे. नव्या अभ्यासकाला इथे मोकळे रान आहे.

आता पुन्हा मागण्याच्या प्रश्नाकडे. रोजगार हमीची घोषणा होती ‘मागेल त्याला काम’. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ आले, २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’. घोषणेचा साचा तोच राहिला, मागणारा बदलला. पहिल्या योजनेत अट एकच : अंगमेहनतीची तयारी. शेततळ्याला जमीन हवी. सौरपंपाला जमीन हवी, विहीर किंवा बोअर हवी, आणि पंप किती अश्वशक्तीचा हे एकरांवर ठरते : अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच, त्यावर साडेसात. खर्चाच्या दहा टक्के शेतकऱ्याने भरायचे, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच. कोटेशन भरून वर्षानुवर्षे ताटकळलेल्या शेतकऱ्याला हा मोठा दिलासा आहे, यात वाद नाही. पण जास्त जमीन त्याला जास्त अनुदान, हे सूत्रही त्यात आहे, आणि उन्हाला बिल येत नसल्याने पाणी उपसण्यावरचा शेवटचा लगामही सुटतो. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात शेतकऱ्यांनी सहकारी संस्था करून उरलेली सौर वीज ग्रिडला विकण्याचा प्रयोग २०१६ च्या सुमारास केला. वीज विकून पैसे मिळत असतील तर पाणी वाया घालवायचे कशाला, हा त्यामागचा विचार. सहकाराचा अभिमान मिरवणाऱ्या महाराष्ट्रात तो रुजू नये याचे मला वाईट वाटते. घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवण्याच्या फेब्रुवारी २०२४ च्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, पण त्यासाठी स्वतःच्या मालकीचे, पॅनेल पेलणारे छप्पर हवे. भाडेकरू आणि पत्र्याच्या घरातला माणूस इथे मागूच शकत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या जागी नवा कायदा केला. दिवस शंभराचे १२५ झाले. पण आता राज्याला मिळणारी रक्कम केंद्र आधी ठरवणार, बहुतेक राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलावा लागणार, आणि पेरणी-कापणीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे थांबवता येणार. मागणीप्रमाणे पैसा हे जुन्या कायद्याचे तत्त्व होते. नव्यात पैशाप्रमाणे मागणी भागवायची आहे. १२५ हा आकडा मोठा म्हणून त्याचे स्वागत करणाऱ्यांनी १९८८ चा अनुभव आठवावा. माझे मत स्पष्ट आहे : तारखेच्या पोचेमागे मोकळी तिजोरी नसेल तर हमी हा शब्द कायद्याच्या नावात ठेवण्यात अर्थ नाही.

हे पुस्तक विद्यार्थ्यांसाठी आहे, तसेच ग्रामसेवक, पत्रकार, वकील आणि ग्रामसभेत उठून बोलणाऱ्या कोणाहीसाठी. प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचावीत. तक्त्यांना घाबरू नये. वाचकाला एकच विनंती आहे. जुन्या कायद्याची मागणी-नोंद आणि हजेरीपट अजून ग्रामपंचायतींत आहेत, आणि नव्या कायद्याचे पहिले हजेरीपट आता तयार होतील. दोन्ही शेजारी ठेवून वाचायची ही वेळ आहे. चार-पाच वर्षांनी जुने दप्तर मिळेलच असे नाही. तेव्हा ज्याला या विषयात काम करायचे आहे त्याने आपल्याच गावच्या ग्रामपंचायतीत अर्ज करावा, गेल्या पाच वर्षांचे नमुना ४ आणि नमुना ५ पाहायला मागावेत, आणि अर्जाची तारखेची पोच घ्यायला विसरू नये.